एकेका पेशीचा ठावठिकाणा: उंदराच्या मेंदूचे नकाशे आणि बंगळुरूचे प्रश्न

एप्रिल २०२५ मध्ये 'नेचर' समूहाच्या नियतकालिकांतून शोधनिबंधांची एक मालिका प्रसिद्ध झाली. उंदराच्या मेंदूतील दृष्टिकेंद्राचा अवघा एक घन मिलिमीटर भाग, म्हणजे मोहरीच्या लहानशा दाण्याएवढा तुकडा, त्यातील पेशी आणि त्यांच्या परस्पर जोडण्या यांसह या मालिकेत त्रिमितीय स्वरूपात मांडण्यात आला. एवढ्याशा तुकड्यात २ लाखांहून अधिक पेशी, सुमारे ५२ कोटी चेतासंधी आणि एकापुढे एक ठेवल्यास ४ किलोमीटर भरतील इतके तंतू आढळले. डीएनएच्या रचनेचा उलगडा करणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी एक फ्रान्सिस क्रिक यांनी १९७९ साली मेंदूविज्ञानाविषयी लिहिताना, एक घन मिलिमीटर मेंदूच्या तंतोतंत जोडणीचा आराखडा मागणे म्हणजे अशक्य गोष्टीची मागणी करणे होय, असे मत मांडले होते. ते अशक्य ४६ वर्षांनी शक्य झाले.

अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील ॲलन संस्था, ह्यूस्टनमधील बेलर वैद्यकीय महाविद्यालय आणि प्रिन्स्टन विद्यापीठ यांनी मिळून हे काम पार पाडले. त्यामागे दीडशेच्या आसपास संशोधक, अमेरिकी गुप्तचर खात्याच्या संशोधन विभागाचा निधी आणि जवळपास एक दशकाचे परिश्रम होते. एवढ्या मोठ्या उपक्रमाकडे पाहताना भारतीय वाचकाच्या मनात साहजिकच प्रश्न येतो, की या शर्यतीत आपण कोठे आहोत? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर देशात पाहण्याजोगे ठिकाण बंगळुरू हे आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र म्हणजे एनसीबीएस, भारतीय विज्ञान संस्था आणि निम्हान्स अशा तीन संस्था तेथे असून तिन्ही ठिकाणी मेंदूचा अभ्यास अनेक वर्षांपासून चालू आहे. मात्र हे उत्तर 'आपण मागे आहोत' इतके सोपे नाही. किंबहुना, तसे ते मांडले गेले तर चुकीच्या ठिकाणी पैसा खर्च होण्याचा धोका आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

दोन प्रकारचे नकाशे

प्रथम एक भेद स्पष्ट करायला हवा. वृत्तपत्रांतून 'मेंदूचा नकाशा' हा एकच शब्द अगदी वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. पेशींच्या जोडण्यांच्या संपूर्ण आराखड्याला इंग्रजीत 'कनेक्टोम' म्हणतात. हा शब्दही जुना नाही, तो २००५ साली रूढ झाला. मराठीत त्याला अद्याप सर्वमान्य प्रतिशब्द मिळालेला नाही. येथे आपण 'जोडणी-नकाशा' असे म्हणू.

चेतापेशीची घडण झाडासारखी असते. तिच्या एका बाजूला अनेक फांद्या असतात, त्यांना शाखिका म्हणतात. अन्य पेशींकडून आलेले संदेश त्या स्वीकारतात. दुसऱ्या बाजूने एक लांब धागा निघतो, तो अक्षतंतू. संदेश पुढे नेण्याचे काम तो करतो आणि वाटेत त्यालाही उपशाखा फुटतात. एका पेशीचा तंतू जेथे दुसरीच्या शाखिकेला भिडतो, त्या जागेला चेतासंधी म्हणतात. उंदराच्या मेंदूत अशा सुमारे ७ कोटी चेतापेशी आहेत. माणसाच्या मेंदूत त्यांची संख्या ८,६०० कोटींच्या घरात जाते.

२०२५ चा नकाशा पहिल्या प्रकारचा आहे. मेंदूचा छोटा तुकडा घ्यायचा, त्याचे हजारो अतिशय पातळ काप करायचे, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची छायाचित्रे घ्यायची आणि संगणकाच्या साह्याने ती पुन्हा एकमेकांवर रचायची. अशा नकाशात चेतासंधी दिसतात. परंतु त्याची एक मर्यादा आहे. चेतापेशीचा तंतू कित्येक मिलिमीटर दूर, मेंदूच्या दुसऱ्या टोकापर्यंत जातो. एक मिलिमीटरचा तुकडा कापला की तो तंतू सीमेवरच तुटतो. एखाद्या गावाचा गल्लीबोळांसह नकाशा असावा, पण गावातून निघणारा रस्ता वेशीपाशीच संपावा, तसे हे आहे.

दुसऱ्या प्रकारच्या नकाशात गल्ल्या दिसत नाहीत, पण प्रत्येक रस्ता कोणत्या गावाला जातो ते कळते. मेंदूच्या एका भागातील एकेक पेशी निवडून तिचा तंतू कोठकोठे पोहोचतो, हे त्यात शोधले जाते. या कामातही गेल्या काही वर्षांत मोठी झेप घेतली गेली. अमेरिकेतील जनेलिया संशोधन केंद्राने २०१९ मध्ये उंदराच्या मेंदूतील १,००० चेतापेशींचे संपूर्ण तंतू रेखाटून प्रसिद्ध केले. २०२१ मध्ये 'नेचर'मधील निबंधात आणखी १,७४१ पेशी आल्या. २०२२ मध्ये चीनमधील शास्त्रज्ञांनी मेंदूच्या अग्रभागातील ६,३५७ पेशींचा, तर २०२४ मध्ये स्मृतीशी निगडित असलेल्या हिपोकॅम्पस या भागातील १०,१०० पेशींचा नकाशा सादर केला. अमेरिका आणि चीन यांच्यातील चढाओढ या आकड्यांतून सहज वाचता येते.

याहून वेगळी आणि चतुर म्हणावी अशी एक पद्धत न्यूयॉर्कजवळील कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत अँथनी झेडोर यांच्या गटाने २०१६ मध्ये पुढे आणली. तंतू डोळ्यांनी पाहण्याचा खटाटोपच तिने टाळला आहे. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने प्रत्येक चेतापेशीत ३० अक्षरांची एक आनुवंशिक खूण सोडायची. चार अक्षरांतून तयार होणाऱ्या अशा खुणांची संख्या इतकी प्रचंड असते, की दोन पेशींना सारखीच खूण मिळण्याची शक्यता नगण्य राहते. पेशी ती खूण आपल्या तंतूतून टोकापर्यंत पोहोचवते. त्यानंतर मेंदूच्या निरनिराळ्या भागांचे नमुने घेऊन कोणती खूण कोठे सापडते ते वाचायचे. मुंबईच्या डबेवाल्यांचा प्रवास न पाहताही, कचेरीच्या दारात पोहोचलेल्या डब्यावरच्या खुणेवरून तो कोणत्या स्थानकावरून निघाला हे सांगता येते, त्यातलाच हा प्रकार. डबा कोणत्या वाटेने आला आणि नेमक्या कोणत्या टेबलावर उघडला गेला हे मात्र त्यातून समजत नाही. मार्ग आणि चेतासंधी या दोन्ही गोष्टी या पद्धतीला दिसत नाहीत.

गंधाच्या मागावर

बंगळुरूचा या विषयाशी संबंध गंधाच्या अभ्यासातून येतो आणि त्याची सुरुवात मुंबईत झाली. ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. सत्तरच्या दशकात त्यांनी फळमाशीच्या गंधज्ञानाकडे लक्ष वळवले. वास ओळखू न शकणाऱ्या माश्या निवडून काढायच्या आणि त्यांच्यातील कोणता आनुवंशिक दोष त्याला कारणीभूत आहे हे शोधायचे, अशी ही पद्धत होती. त्यांची विद्यार्थिनी व्हेरोनिका रॉड्रिग्ज हिच्यासह लिहिलेला १९७८ सालचा निबंध भारतीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला. भारतीय नियतकालिकात छापलेले संशोधन जगात कोणी वाचत नाही, ही तक्रार आपल्याकडे नेहमी ऐकू येते. हा निबंध त्या तक्रारीला अपवाद ठरला.

रॉड्रिग्ज यांनी पुढे, १९८८ मध्ये, निरनिराळ्या वासांना माशीच्या मेंदूतील निरनिराळे ठिपके प्रतिसाद देतात, असे दाखवून दिले. गंधाचाही मेंदूत नकाशा असतो, या कल्पनेला त्यातून पुष्टी मिळाली. गंध ग्रहण करणाऱ्या प्रथिनांची जनुके शोधणारे लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांचा निबंध १९९१ चा आहे आणि त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते २००४ मध्ये. हा कालक्रम ध्यानात घेतला म्हणजे मुंबईतील त्या छोट्या गटाची दृष्टी किती पुढची होती हे लक्षात येते. नव्वदच्या दशकाच्या आरंभी सिद्दिकी यांच्या पुढाकाराने बंगळुरूच्या कृषी विज्ञान विद्यापीठाच्या परिसरात एनसीबीएसची स्थापना झाली आणि गंधाचा अभ्यासही तेथे गेला. रॉड्रिग्ज २०१० मध्ये आणि सिद्दिकी २०१३ मध्ये निवर्तले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा जोडणी-नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात १,३९,२५५ चेतापेशी आणि ५ कोटींहून अधिक चेतासंधी आहेत. तो कोणत्याही विद्यार्थ्याला इंटरनेटवरून विनामूल्य पाहता येतो. पूर्वी ज्या जोडण्यांचा अंदाज वास न ओळखणाऱ्या माशी-वाणांच्या वर्तनावरून बांधावा लागे, त्या आता पडद्यावर मोजता येतात.

माशीनंतर उंदीर. एनसीबीएसमध्ये उपिंदर भल्ला यांच्या गटाने घुशीवर्गीय मोठ्या उंदरांच्या गंधज्ञानाचा अभ्यास केला. २००६ साली 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगाने मोठे कुतूहल निर्माण केले होते. वास डावीकडून येतो की उजवीकडून, हे उंदीर एक-दोन वेळा हुंगूनच ओळखतो आणि त्यासाठी दोन्ही नाकपुड्यांची तुलना करतो, असे त्यात आढळले. आपण दोन कानांनी आवाजाची दिशा ओळखतो, तसेच हे. या निबंधाचे प्रथम लेखक राघव राजन यांनी नंतर पुण्याच्या आयसरमध्ये पक्ष्यांच्या गाण्यामागील मेंदूप्रक्रियांचे संशोधन सुरू केले.

सारखी मिळकत, वेगळे बोलणे

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठरतो तो २०१० सालचा निबंध. एनसीबीएसमधील आशेष ढवळे यांनी भल्ला यांच्यासह, तसेच हार्वर्ड विद्यापीठातील व्यंकटेश मूर्ती आणि कोल्ड स्प्रिंग हार्बरमधील फ्लोरिन अल्बियानू यांच्या सहकार्याने तो लिहिला. येथे थोडे तपशिलात जाणे आवश्यक आहे.

उंदराच्या नाकात गंधग्राहकांचे सुमारे १,००० प्रकार असतात. एका प्रकारच्या ग्राहकांचे सर्व तंतू मेंदूच्या पुढच्या टोकाला असलेल्या घ्राणकंदात ठरावीक गुच्छांत एकत्र येतात. प्रत्येक गुच्छातून काही डझन चेतापेशी माहिती उचलून मेंदूच्या आत पाठवतात. एकाच गुच्छावर पोसलेल्या या पेशींना शास्त्रज्ञ 'भगिनी पेशी' म्हणतात. आता प्रश्न असा, की या साऱ्या बहिणींना माहिती मिळते एकाच ठिकाणाहून, तर त्या पुढे एकच गोष्ट सांगतात काय? तसे असेल तर इतक्या पेशींची गरज काय?

ढवळे आणि सहकाऱ्यांनी जनुकीय बदल केलेले उंदीर वापरले. त्यांच्या गंधपेशी प्रकाश पडताच उद्दीपित होत. सभागृहातील प्रक्षेपकासारख्या साधनाने एका वेळी एकाच गुच्छावर प्रकाशाचा ठिपका पाडला, की कोणत्या पेशी त्या गुच्छाच्या 'मुली' आहेत हे निश्चित होई. त्यानंतर उंदराला प्रत्यक्ष वास दिले गेले. निष्कर्ष असा निघाला, की भगिनी पेशींच्या स्पंदांची सरासरी संख्या साधारण सारखीच बदलते, परंतु श्वासाच्या चक्रात त्या कोणत्या क्षणी बोलतात यात फरक असतो. सारख्या मिळकतीवर वाढलेल्या बहिणी वेगवेगळ्या वेळी वेगळे काही सांगत होत्या. याचाच अर्थ, पेशींच्या गटाची सरासरी काढून चालत नाही, एकेकीला स्वतंत्रपणे विचारावे लागते.

मग या बहिणी बोलतात ते कोणाशी? त्यांचे तंतू कोठे जातात? २०१० मध्ये याचे उत्तर देण्याचे साधन नव्हते. त्या काळात घ्राणकंदातून निघणाऱ्या जेमतेम काही डझन पेशींचे तंतू पूर्णपणे रेखाटले गेले होते. ते घ्राण-बाह्यकात, म्हणजे वासाची माहिती प्रथम स्वीकारणाऱ्या मेंदूच्या पृष्ठभागावरील पट्ट्यात, वाटेल तसे विखुरलेले दिसत. डोळ्यांकडून येणाऱ्या माहितीला मेंदूत स्थानानुसार जागा असते, कानाकडून येणाऱ्या माहितीला स्वराच्या उंचीनुसार जागा असते, गंधाला मात्र असा क्रम नाही, त्याच्या जोडण्या यदृच्छेने झालेल्या आहेत, असे मत त्यामुळे रूढ झाले. पाठ्यपुस्तकांतूनही तेच शिकवले जाऊ लागले.

२०२२ मध्ये अल्बियानू आणि झेडोर यांच्या गटांनी आनुवंशिक खुणांची पद्धत वापरून घ्राणकंदातील ५,३०९ आणि घ्राण-बाह्यकातील ३०,४३३ पेशींचे ठावठिकाणे 'सेल' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. काही डझनांच्या जागी पस्तीस हजारांवर पेशी आल्या आणि चित्र पालटले. घ्राणकंदातील जी पेशी घ्राण-बाह्यकाच्या पुढच्या भागाकडे आपला तंतू पाठवते, ती त्याबरोबरच मेंदूतील अन्य ठरावीक ठिकाणीही पाठवते. मागच्या भागाकडे जाणाऱ्या पेशींची जोडठिकाणे वेगळी असतात. एवढेच नव्हे, तर घ्राण-बाह्यकाच्या त्या त्या भागातून निघणाऱ्या पेशीही पुन्हा त्याच जोडठिकाणांकडे जातात. म्हणजे एक त्रिकोण तयार होतो. घ्राणकंदातून एखाद्या ठिकाणी थेट बातमी जाते आणि तीच बातमी घ्राण-बाह्यकातून संस्कार होऊनही तेथे पोहोचते. यदृच्छा वाटत होती तेथे व्यवस्था निघाली.

मोठे नकाशे कशासाठी हवेत, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे. केवळ आकडा फुगवण्यासाठी नव्हे, तर लहान नमुन्यातून काढलेला निष्कर्ष खोटा ठरू शकतो म्हणून ते हवेत. पण याच उदाहरणाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पस्तीस हजार पेशींचा तक्ता स्वतःहून काही सांगत नाही. गंधाच्या मार्गात काय शोधायचे हे ठाऊक असलेल्या माणसांनी तो वाचला, म्हणून त्रिकोण दिसला.

भीतीच्या फांद्या

गंधाचे संशोधन सर्वसामान्य वाचकाला दूरचे वाटण्याचा संभव आहे. बंगळुरूतील दुसरा धागा मात्र थेट माणसाच्या व्यथेला जाऊन भिडतो.

एनसीबीएसमध्ये सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने निम्हान्सच्या बी. एस. शंकरनारायण राव यांच्यासह २००२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांना रोज २ तास याप्रमाणे १० दिवस जखडून ठेवण्यात आले. त्यानंतर त्यांच्या मेंदूतील एकेक पेशी रंगवून तिच्या शाखिका मोजण्यात आल्या. ही रंगवण्याची पद्धत इटलीच्या कॅमिलो गॉल्जी यांची, म्हणजे १८७३ सालची. तिचे वैशिष्ट्य असे, की ती हजारोंतील मोजक्याच पेशींना काळा रंग देते आणि बाकीच्या अदृश्य ठेवते. दाट जंगलातील चार झाडेच दिसावीत तशी त्या पेशींची संपूर्ण आकृती नजरेस पडते. सव्वाशे वर्षे जुन्या त्या रसायनाने बंगळुरूत जे दाखवले ते नवे होते. दीर्घकाळच्या ताणामुळे हिपोकॅम्पसमधील पेशींच्या फांद्या आखडतात, हे पूर्वीपासून माहीत होते. परंतु भय आणि चिंता यांच्याशी निगडित असलेल्या अमिग्डाला या भागात उलटे घडत होते. तेथील पेशींना नव्या फांद्या फुटत होत्या. ताणाने मेंदू सरसकट सुकतो ही समजूत अपुरी ठरली. स्मरणाचे झाड खुडले जात असताना भयाचे झाड वाढत होते.

२००४ च्या पुढील निबंधात याहून अस्वस्थ करणारी गोष्ट समोर आली. ताण थांबवून उंदरांना २१ दिवस विश्रांती दिली, तरी अमिग्डालातील वाढलेल्या फांद्या आणि उंदरांचे भयग्रस्त वर्तन कायम राहिले. २००५ मध्ये असेही आढळले, की केवळ एकदा, २ तासांचा ताण दिल्यास दुसऱ्या दिवशी काहीच फरक दिसत नाही, पण १० दिवसांनी अमिग्डालातील पेशींवर नवे काटे, म्हणजे चेतासंधींच्या नव्या जागा, उगवलेल्या असतात. अपघात, दंगल किंवा पूर यांतून वाचलेल्या माणसाला काही काळ बरे गेल्यावर अचानक भीतीचे झटके येऊ लागतात, हा अनुभव मानसोपचारतज्ज्ञांना परिचित आहे. उंदराच्या प्रयोगावरून माणसाविषयी थेट निष्कर्ष काढणे योग्य नव्हे, परंतु या साम्याकडे दुर्लक्षही करता येत नाही.

आता जोडणी-नकाशाचा प्रश्न येथे कसा उभा राहतो ते पाहा. नव्या फांद्या आणि नवे काटे उगवले, हे दिसले. पण त्या काट्यांना येऊन भिडलेले तंतू कोणाचे आहेत? हिपोकॅम्पसमधून आलेले, मेंदूच्या अग्रभागातून आलेले की शेजारच्याच पेशींचे? वाढलेल्या पेशी आपला निरोप पुढे कोणाला देतात? गॉल्जी यांची पद्धत पेशीचा आकार दाखवते, तिचे सोयरे दाखवत नाही. उपचाराचा विचार करताना मात्र सोयऱ्यांचाच प्रश्न कळीचा असतो. अमिग्डाला हा भय, सुख, भूक आणि सामाजिक वर्तन या सर्वांत गुंतलेला भाग आहे. त्याला सरसकट शांत करणारे औषध हवे असलेलेही बरेच काही शांत करते. विशिष्ट मार्ग हाताळायचा तर तो मार्ग कोठून कोठे जातो हे आधी समजायला हवे.

निम्हान्सने १२ राज्यांत केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे १०.६ टक्के प्रौढ व्यक्ती पाहणीच्या वेळी कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने ग्रस्त होत्या आणि त्यांतील बहुसंख्य उपचारांपासून वंचित होत्या. ही दरी भरून काढायला प्रथम डॉक्टर आणि समुपदेशक लागतील, नकाशा नव्हे, हे खरेच. परंतु जे रुग्ण उपचारांपर्यंत पोहोचतात, त्यांतील अनेकांना उपलब्ध औषधे पुरेशी लागू पडत नाहीत. तेथे मूलभूत संशोधनाची जागा आहे.

माणसाच्या मेंदूचे काय

माणसाच्या मेंदूत विषाणू सोडून खुणा पसरवता येत नाहीत. म्हणून एकेका पेशीचा लांबवरचा प्रवास समजून घेण्यासाठी उंदराखेरीज फारसा पर्याय उरत नाही. माणसाच्या बाबतीत दोन वाटा आहेत आणि त्या दोन्हींवर भारतात काम झाले आहे.

पहिली वाट जिवंत माणसाच्या एमआरआय चित्रणाची. पाण्याचे रेणू तंतूंच्या दिशेने अधिक सहज सरकतात, या गुणाचा उपयोग करून तंतूंच्या जुड्यांचा माग काढला जातो. मात्र या गणितात खोट्या जोडण्या फार येतात. भारतीय विज्ञान संस्थेतील श्रीधरन देवराजन यांच्या गटाने खऱ्या-खोट्या जोडण्या वेगळ्या करणारी एक गणनपद्धती विकसित करून २०२२ मध्ये प्रसिद्ध केली. ग्राफिक्स प्रक्रियकांचा उपयोग करणारी ही पद्धत पूर्वीच्या पद्धतीपेक्षा १५० पटींहून अधिक वेगवान ठरली. अर्थात, एमआरआयमध्ये दिसते ती हजारो तंतूंची जुडी. एकटी पेशी त्यात कधीच दिसत नाही.

दुसरी वाट मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूची. निम्हान्समध्ये डॉ. एस. के. शंकर यांच्या पुढाकाराने १९९५ मध्ये मेंदूपेढी सुरू झाली. तेथील संग्रहालयात सामान्य नागरिकही जाऊ शकतात. चेन्नईच्या आयआयटीतील सुधा गोपालकृष्णन मेंदू केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये मानवी गर्भाच्या मेंदूचे ५,१३२ काप अंकीय स्वरूपात 'धरणी' या नावाने सर्वांसाठी खुले केले. हे केंद्र आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मेंदू संशोधन केंद्र या दोहोंमागे इन्फोसिसचे एक संस्थापक क्रिस गोपालकृष्णन यांच्या कुटुंबाची देणगी आहे. बंगळुरूच्या केंद्रासाठी २२५ कोटी रुपये देण्यात आले आणि वार्धक्यातील मेंदूविकारांवर तेथे भर आहे. 'धरणी'मध्ये पेशी दिसतात, त्यांच्या जोडण्या दिसत नाहीत. पण भारतीय हातांनी, जागतिक दर्जाचा आणि सर्वांना खुला असा आराखडा तयार होऊ शकतो, हे त्या प्रकल्पाने दाखवून दिले.

नकाशा काढणारे आणि वाचणारे

तर मग भारताने उंदराच्या मेंदूचा स्वतःचा जोडणी-नकाशा काढण्यास घ्यावा काय? आपल्याकडील विज्ञानविषयक चर्चा 'त्यांनी केले, आपणही करू' या वळणावर लवकर जाते, म्हणून हा प्रश्न विचारणे भाग आहे.

उत्तर नकारार्थी द्यावे लागेल. अमेरिकेच्या ब्रेन उपक्रमाने सप्टेंबर २०२३ मध्ये केवळ जोडणी-नकाशांच्या तंत्रासाठी पाच वर्षांकरिता १५ कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. भारत आपल्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के रक्कम सर्व प्रकारच्या संशोधनावर मिळून खर्च करत होता, हा २०२०-२१ चा अधिकृत आकडा आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १ लाख कोटी रुपयांच्या संशोधन व नवोपक्रम योजनेला मंजुरी दिली खरी, पण तिचा मुख्य रोख खासगी उद्योगांना दीर्घ मुदतीचे वित्तसाहाय्य देण्याकडे आहे. भीतीच्या वेळी अमिग्डालातील तंतू कोठे जातो, हे शोधणाऱ्या प्रयोगशाळेला त्यातून किती हाती लागेल याची शंकाच आहे. तेच काम दुसऱ्यांदा करण्यात पैसा घालवण्यापेक्षा जगाने खुले केलेले नकाशे वाचू शकणारी माणसे तयार करणे अधिक शहाणपणाचे आहे. त्यासाठी लागणारे संगणक, साठवणक्षमता आणि गणित व जीवशास्त्र दोन्ही जाणणारे विद्यार्थी या गोष्टी बंगळुरूच्या आवाक्यात आहेत. मोहरीएवढ्या त्या तुकड्याची माहितीच १.६ पेटाबाइट, म्हणजे सुमारे १६ लाख गिगाबाइट भरते. ती उतरवून घेऊन चाळता येईल अशी सोय किती भारतीय विद्यापीठांत आहे?

दुसऱ्यांच्या नकाशावर विसंबून राहण्यात धोका नाही असे मात्र नव्हे. ब्रेन उपक्रमाला अमेरिकी काँग्रेसने २०२३ या आर्थिक वर्षात ६८ कोटी डॉलर दिले होते. २०२४ मध्ये ते ४०.२ कोटींवर आणि २०२५ मध्ये ३२.१ कोटींवर आले. ज्या माहितीसाठ्यांवर जगभरातील संशोधक अवलंबून आहेत, ते चालू ठेवण्याचा खर्च याच निधीतून येत असेल, तर त्यांचे भवितव्य दुसऱ्या देशाच्या अंदाजपत्रकावर ठरणार. म्हणूनच महत्त्वाच्या नकाशांच्या प्रती देशात ठेवण्याची व्यवस्था करणे हा खर्च नवा नकाशा काढण्याच्या तुलनेत किरकोळ असला, तरी अत्यावश्यक आहे.

शिवाय सगळे काही तयार नकाशातून मिळणारही नाही. प्रसिद्ध झालेले नकाशे निरोगी, पिंजऱ्यात सुखाने वाढलेल्या उंदरांचे आहेत. दहा दिवस ताण सोसलेल्या उंदराच्या अमिग्डालाचा नकाशा त्यांत नाही. तो हवा असेल तर तसा प्रयोग करणाऱ्यानेच तो काढायला हवा आणि आनुवंशिक खुणांच्या पद्धतीने तो काढण्यास कारखान्याएवढी प्रयोगशाळा लागत नाही. चांगले प्राणिगृह, जनुकीय अनुक्रम वाचणारी यंत्रे आणि सलग आठ-दहा वर्षे टिकणारा निधी एवढे पुरते. आपल्याकडे पहिल्या दोन गोष्टी मिळतात. तीन वर्षांच्या प्रकल्पावर जगणाऱ्या संशोधकाला तिसरी मिळवताना नाकी नऊ येतात.

हार्वर्ड विद्यापीठ आणि गूगल यांच्या सहभागाने उंदराच्या हिपोकॅम्पसमधील १० घन मिलिमीटरचा, म्हणजे २०२५ च्या तुकड्याच्या दसपट आकाराचा नकाशा काढण्याचे काम २०२३ मध्ये हाती घेण्यात आले. ताणाखाली फांद्या आखडतात तो भाग हाच. तो नकाशा खुला होईल तेव्हा त्यात निरोगी पेशींच्या जोडण्या मोजता येतील, आणि ताणग्रस्त उंदराच्या मेंदूत त्यांतील नेमक्या कोणत्या तुटतात, हा २००२ मध्ये बंगळुरूत उभा राहिलेला प्रश्न पुढे नेण्यासाठी तुलनेला एक पक्का आधार मिळेल.